एकच कर, दोन टक्के : सही करण्याआधी

पत्राचा आशय असा : पत्रलेखिका एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करतात. त्यांच्या भागातल्या नागरिक मंडळाने अर्थसंकल्पाच्या आधी खासदारांना निवेदन द्यायचं ठरवलं आहे आणि मंडळाच्या सचिव म्हणून मसुदा लिहिण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं आहे. मंडळातले बहुतेक जण एकाच मागणीवर ठाम आहेत : आयकर, जीएसटी, सगळं रद्द करा आणि बँकेतल्या प्रत्येक व्यवहारावर दोन टक्के कापून घ्या. तरुण सभासदांना हे पटत नाही. ते म्हणतात, श्रीमंतांवर जबर कर लावा. दोन्ही बाजू ‘सामान्य माणसासाठी’ बोलत आहेत. लेखिकेला पहिली मागणी सोपी म्हणून आवडते, पण हिशेबात काहीतरी खटकतं आणि ते नेमकं काय हे सांगता येत नाही. शिवाय ही कल्पना मांडणारे गृहस्थ मंडळात सगळ्यांत ज्येष्ठ, त्यांना दुखवायचं नाही. पत्रातलं शेवटचं वाक्य आहे : ‘आम्ही मूठभर पगारदार कर भरतो आणि बाकीचा देश फुकट जगतो, हे तरी यातून बदलेल ना?’

ताई,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण दोन टक्क्यांची सगळी इमारत त्यावरच उभी आहे. बाकीचा देश फुकट जगत नाही. आयकर हा सरकारच्या अनेक करांपैकी एक आहे. तो पगाराच्या स्लिपवर छापून येतो, म्हणून टोचतो. तुमच्या पतसंस्थेत रोज वीस-पन्नास रुपये पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीने आयुष्यात कधी विवरणपत्र भरलं नसेल. पण तिच्या मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे, साबण आणि गोडेतेलावर ५ टक्के आहे, आणि माल आणणाऱ्या टेंपोच्या डिझेलमध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन्ही आहेत. तिला कोणी कर कापल्याचा दाखला (फॉर्म १६) देत नाही, एवढाच फरक.

हे एकदा कागदावर मांडून बघा. महिना २०,००० रुपयांत चालणारं आणि सगळेच्या सगळे खर्च होणारं घर धरा. त्यातले ८,००० घरभाडं, भाजी, सुटं धान्य अशा करमुक्त गोष्टींवर जातात, ७,००० पाच टक्क्यांच्या वस्तूंवर आणि ५,००० अठरा टक्क्यांच्या वस्तू-सेवांवर. आपण दिलेल्या किमतीत कर आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे किमतीचे सरळ पाच टक्के काढले तर उत्तर चुकतं. किमतीला दराने गुणायचं आणि ‘१०० अधिक दर’ने भागायचं. ७,००० मध्ये ३३३ रुपये निघतात, ५,००० मध्ये ७६३. एकूण १,०९६ रुपये, म्हणजे उत्पन्नाच्या साडेपाच टक्के. आता महिना ३ लाख मिळवणारं घर घ्या, ज्याचा खर्च १,२०,००० आहे आणि बाकीची बचत. त्यातले ४५,००० करमुक्त, ३५,००० पाच टक्क्यांत, ४०,००० अठरा टक्क्यांत. जीएसटी होतो सुमारे ७,७७० रुपये. रक्कम सात पट, पण उत्पन्नाशी प्रमाण फक्त २.६ टक्के. दर दोघांना एकच होता. जो सगळं खर्च करतो त्याच्या सगळ्या कमाईवर कर पडतो आणि जो वाचवू शकतो त्याच्या खर्चापुरताच पडतो, एवढ्या एका कारणाने गरीब घराचा भार दुप्पट झाला. पेट्रोल-डिझेल यात धरलेलंच नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती स्वतःच्या मसुद्यात करा : तुमचा ‘सामान्य माणूस’ नेमका कोण? मंडळातले बहुतेक जण वर्षाला दहा-पंधरा लाख मिळवणारे पगारदार किंवा निवृत्त असतील, तर त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या भाजीवालीच्या नाहीत. दोघांच्या नावाने एकच मागणी केली की ती बहुधा दोघांपैकी एकाच्याच उपयोगाची निघते.

आता दोन टक्क्यांबद्दल. ‘अर्थक्रांती’ या संस्थेने असाच प्रस्ताव मांडला, त्यामुळे ही कल्पना आपल्याकडे घरोघरी पोचली आणि ती का भावते हे सहज कळण्यासारखं आहे. विवरणपत्र नाही, नोटीस नाही, सीएची फी नाही. पण तुम्हाला जे खटकलं ते कोणाही हिशेबनिसाला खटकावं असंच आहे. हा कर नफ्यावर नाही, मिळकतीवर नाही, तो पैशाच्या हालचालीवर आहे. आणि पैसा किती वेळा हलतो हे माणसाच्या श्रीमंतीवर ठरत नाही, धंद्याची साखळी किती लांब आहे यावर ठरतं.

एक शर्ट घ्या. कापूस १०० रुपयांना विकला गेला, सूत १५०ला, कापड २००ला, शिवलेला शर्ट ३००ला, ठोक व्यापाऱ्याने तो ४००ला दिला आणि दुकानदाराने ५००ला विकला. दर टप्प्याला पैसे बँकेतून गेले, दर टप्प्याला दोन टक्के कापले गेले : २, ३, ४, ६, ८ आणि १०. एकूण ३३ रुपये, म्हणजे गिऱ्हाइकाच्या किमतीत ६.६ टक्के कर, आणि पावतीवर दिसतात फक्त शेवटचे १०. आता सूतगिरणीपासून शोरूमपर्यंत सगळं एकाच मालकीचं असलेली बडी कंपनी घ्या. तिचे मधले टप्पे घरातल्या घरात होतात. कर पडतो फक्त कापूस घेताना आणि शर्ट विकताना, एकूण १२ रुपये, २.४ टक्के. तोच शर्ट, तीच किंमत. ज्याला आपण छोटा उद्योजक म्हणतो त्याच्या साखळीवर जवळजवळ तिप्पट कर बसला. जीएसटीत हे होत नाही, कारण मागच्याने भरलेला कर पुढच्याला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून वजा मिळतो. या वजावटीसाठीच तर बिलं, रिटर्न आणि जुळवणीची सगळी कटकट आहे. कटकट काढली की वजावटही जाते.

दुसरी गोष्ट नफ्याच्या टक्क्याची. ९७ला घेऊन १००ला विकणारा किराण्याचा ठोक व्यापारी दोन रुपये कर कोठून देणार? तीन रुपयांच्या नफ्यातून, आणि त्यातूनच हमाली आणि गाळ्याचं भाडंही. शंभर रुपये फी घेऊन नव्वद घरी नेणारा सल्लागारही दोनच रुपये देतो. आणि १५,००० पगाराची बाई, जी आज आयकराचा एक पैसाही देत नाही, तिच्या खात्यात पगार आला की ३०० रुपये कापले जाणार. ‘दोनच टक्के’ हा शब्द इथे फसवा आहे. पैसा दहा हात फिरला तर १०० रुपयांचे ८१ रुपये ७० पैसे उरतात.

यावर ‘अमक्याला सूट देऊ’ हे उत्तर येतं. द्यावीच लागेल. बँका एकमेकांना एका रात्रीपुरते पैसे उसने देतात. वर्षाला ६ टक्के दर धरला तर १०० रुपयांवर एका रात्रीचं व्याज होतं सुमारे १.६ पैसे. त्यावर दोन रुपये कर लावला तर तो बाजार दुसऱ्या दिवशी बंद. म्हणून बँकांना सूट, मग रोख्यांना, मग शेअर बाजाराला, मग कंपन्यांच्या आपसातल्या हस्तांतरणांना. मोठ्या रकमा तिथेच फिरतात. त्या वगळल्या की उरलेल्यांकडून तेवढीच वसुली करायला दर वाढवावा लागतो. शिवाय मोठे व्यापारी आपसातली देणी-घेणी वह्यांत वळती करून वर्षाकाठी फक्त फरक बँकेतून देऊ शकतात. लहान माणसाला ते जमत नाही, तो रोखीकडे वळतो.

हे हवेतलं नाही. ब्राझीलमध्ये १९९७ ते २००७ असा बँक-व्यवहार कर होता. दर शेवटी ०.३८ टक्के, म्हणजे तुमच्या मागणीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, आणि तोही इतर करांच्या जागी नव्हे, जोडीला. मुदतवाढ नाकारून तिथल्या सिनेटने तो संपवला. आपल्याकडेही जून २००५ ते मार्च २००९ या काळात मोठ्या रोख रकमा काढण्यावर ०.१ टक्का बँकिंग रोख व्यवहार कर होता. त्याचा हेतू महसूल नव्हताच, काळ्या पैशाचा माग काढणं हा होता. आणि जीएसटी रद्द करायचा तर १०१वी घटनादुरुस्ती मागे घ्यावी लागेल, निम्म्या राज्यांच्या विधानसभांची संमती लागेल, आणि स्वतःच्या हातातलं उत्पन्न सोडून केंद्राच्या वाट्याकडे बघत बसायला राज्यं का तयार होतील याचं उत्तरही द्यावं लागेल. लोकसभेच्या एका खासदाराला दिलेल्या निवेदनाने हे होणारं नाही.

तरुणांच्या मागणीत तथ्य जास्त आहे, पण ‘जबर’ हा शब्द काढायला सांगा. १९७३-७४ साली आपल्याकडे आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या टप्प्यात शंभर कमावले की सव्वादोन रुपये हातात. असा दर कागदावरच शोभतो, कारण तो लपवाछपवीची मजुरी ठरवून देतो : लपवलेल्या प्रत्येक शंभरामागे जवळजवळ ९८ रुपयांची कमाई. संपत्ती कर १९५७ पासून होता. २०१५च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला तेव्हा २०१३-१४ची वसुली १,००८ कोटी रुपये असल्याचं सांगितलं गेलं. एवढ्या मोठ्या देशात एवढीशी का? कारण शेअर्स आणि धंद्यातली गुंतवणूक, म्हणजे खऱ्या श्रीमंतांची खरी संपत्ती, त्याच्या कक्षेतच नव्हती. दुसरं घर, गाड्या, दागिने, शहरातली मोकळी जमीन यांवर ३० लाखांच्या वर एक टक्का. कर ज्या पायावर लावायचा त्या पायालाच भोकं होती. वारसाकराचंही तसंच. १९५३चा इस्टेट ड्युटीचा कायदा १९८५ मध्ये गुंडाळला गेला. तो परत हवा असेल तर आधी हे बघा की नातेवाइकाने दिलेली भेट, कितीही मोठी असली तरी, आज घेणाऱ्याला करमुक्त आहे. ते तसंच ठेवून वारसाकर आणला तर लोक जिवंतपणीच सगळं भेट देऊन मोकळे होतील.

तरुणांना खरा दाखला हवा असेल तर तो इथे आहे. वर्षाला ३६ लाख पगार असलेला माणूस नव्या करप्रणालीत (जिथे दर कमी, पण जुन्या प्रणालीतल्या बहुतेक वजावटी नाहीत), पगारदाराला सरसकट मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट घेऊन, उपकरासह ६,६३,००० रुपये आयकर भरतो, म्हणजे साधारण १८.४ टक्के. ज्याचं सगळं ३६ लाखांचं उत्पन्न सूचिबद्ध शेअर्सच्या दीर्घकालीन नफ्यातून आलं, तो १.२५ लाखांची सूट आणि ४ लाखांची मूळ मर्यादा वजा जाता उरलेल्यावर १२.५ टक्के भरतो. उपकर धरून ३,९९,७५० रुपये, म्हणजे ११ टक्के. याला दुसरी बाजू आहे हे मसुद्यात प्रामाणिकपणे लिहा. कंपनीने आपल्या नफ्यावर आधीच कर भरलेला असतो (सूट-सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २०१९ पासून २२ टक्के, अधिभार-उपकर धरून २५.१७), आणि शेअरच्या वाढलेल्या किमतीत काही भाग नुसत्या महागाईचा असतो. म्हणून ‘दर सरळ ३० करा’ असं न लिहिता माहिती मागा. अर्थसंकल्पाच्या प्राप्ती-विवरणाला दरवर्षी एक परिशिष्ट जोडलेलं असतं, करसवलतींमुळे किती महसूल सोडला त्याचं. त्यात कंपन्यांवर प्रत्यक्षात किती टक्के कर पडला हे नफ्याच्या आकारानुसार दिलेलं असतं. तसाच तक्ता व्यक्तींसाठी द्या, आणि त्यात पगार, व्यवसाय व भांडवली नफा वेगळे दाखवा, ही मागणी नाकारायला कोणाला कारण सापडणार नाही. आकडे बाहेर आले की दराची चर्चा आपोआप सुरू होते.

मग निवेदनात काय असावं? तीनच मागण्या ठेवा. बारा मागण्यांचं निवेदन फायलीत जातं. निवड मंडळाने करावी, पण वजन कुठे आहे ते सांगतो.

सगळ्यांत पक्की मागणी महागाईशी जोडणीची. जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांचा दर १० लाखांच्या वर लागतो आणि ही रेषा २०१२-१३ पासून हललेली नाही. महागाई किती झाली हे सरकार स्वतःच सांगतं : भांडवली नफ्यासाठी जो खर्च-महागाई निर्देशांक दरवर्षी जाहीर होतो तो २०१२-१३ला २०० होता, २०२५-२६ला ३७६. म्हणजे तेव्हाचे १० लाख आताचे १८ लाख ८० हजार. कोणी दर वाढवला नाही, संसदेत मतदान झालं नाही, आणि कर वाढला. ८०सी कलमाखाली पीपीएफ, विमा अशा बचतीवर मिळणाऱ्या वजावटीची दीड लाखाची मर्यादा २०१४-१५ची. त्याच हिशेबाने ती आज २ लाख ३५ हजार हवी. नव्या प्रणालीचे टप्पे २०२५-२६ला मोठे केले गेले, पण तेही असेच गोठले तर दहा वर्षांनी हीच रड. अमेरिकेत १९८५ पासून आयकराचे टप्पे महागाईबरोबर आपोआप सरकतात. मसुद्यात एक वाक्य पुरे : ‘टप्पे, सवलतीची मर्यादा आणि प्रमाणित वजावट दरवर्षी खर्च-महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतील अशी तरतूद कायद्यातच करावी.’ ‘मर्यादा वाढवा’ असं मागू नका. वाढवणं हे दर वेळी उपकार म्हणून होतं आणि बहुतेकदा निवडणुकीच्या तोंडावर होतं.

दुसरी, १२ लाखांच्या कड्याची. तुमच्या मंडळात याचा फटका बसलेलं कोणीतरी नक्की असेल. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंतची पूर्ण सवलत मिळते आणि कर शून्य होतो. पगारदाराला प्रमाणित वजावटीमुळे हीच रेषा १२.७५ लाखांवर. रेषा ओलांडली की सवलत संपते. मात्र सीमांत दिलासा म्हणून, कर हा १२ लाखांवरच्या जादा रकमेपेक्षा जास्त घेतला जात नाही. ऐकायला बरं वाटतं, करून बघा. करपात्र उत्पन्न १२,७०,००० असेल तर टप्प्यांनुसार कर ७०,५०० होतो, दिलाशामुळे तो ७०,००० वर थांबतो, आणि त्यावर ४ टक्के उपकर २,८००. म्हणजे ७०,००० ची वाढ मिळाली आणि ७२,८०० गेले! १२ लाख ते साधारण १२ लाख ७० हजार या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया सरकारचा, वर चार पैसे खिशातून. सीमांत दर, म्हणजे वाढलेल्या शेवटच्या रुपयावरचा कर, कोट्यधीशाला एरवी लागतो त्याहून कितीतरी चढा या पट्ट्यातल्या पगारदाराला लागतो. उपाय अवघड नाही : कर जादा रकमेच्या शंभर टक्क्यांऐवजी पन्नास टक्क्यांवर थांबवा. मग दिलासा सुमारे १३ लाख ७१ हजारांपर्यंत लांबतो आणि कड्याचा उतार होतो. यात सरकारचा महसूल थोडा बुडतो, तेही लिहा. लिहिलं नाही तर समोरचा अधिकारी ते आधी काढेल. (या पट्ट्यात अडकलेल्या वाचकांसाठी तोवरचा मार्ग : मालकाकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) जाणारी रक्कम, पगाराच्या म्हणजे मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या प्रणालीतही वजा मिळते. पगाराची रचना तशी करून देतात का, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारा. मार्चमध्ये विचारून उपयोग नसतो. आणि शेअर्सच्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला ही ६०,००० ची सवलत लागू होत नाही, हे विसरू नका. बारा लाखांच्या आत असूनही कर कसा आला, या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.)

तिसरी मागणी लहान आहे, पण भाजीवालीपासून निवृत्तांपर्यंत सगळ्यांना कळेल अशी. तुमच्याकडून आगाऊ कर कमी भरला गेला तर महिना १ टक्का व्याज. सरकारकडून तुमचा परतावा यायचा राहिला तर महिना अर्धा टक्का. आणि परतावा एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर तेही नाही. दोन्हीकडे एकच दर असावा. बँकेतल्या ठेवीचं व्याज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की पॅन दिलेल्याचा टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) १० टक्के कापतात आणि न दिलेल्याचा २०. पॅन नसतो तो बहुतेकदा गरिबाकडे किंवा म्हाताऱ्या माणसाकडे. उत्पन्न करपात्र नसूनही कापलेला टीडीएस विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाही, आणि ‘माझं उत्पन्नच नाही, मी कशाला भरू’ म्हणून हीच माणसं भरत नाहीत. तुम्ही पतसंस्थेत आहात. दर एप्रिलमध्ये ठेवीदारांना बँकेत द्यायचा पॅन आणि टीडीएस न कापण्याचं स्वयंघोषणापत्र याची आठवण करून देणारा एक कागद काउंटरवर लावलात तर कोणत्याही निवेदनाआधी बऱ्याच लोकांचे पैसे वाचतील.

मंडळातून आणखी दोन गोष्टी येतीलच. एक, बड्या शेतकऱ्यांवर आयकर. शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने राज्यांना दिलेला आहे. केंद्राच्या अर्थसंकल्पासाठीच्या निवेदनात ती ओळ वाया जाते. दोन, विम्यासारखं आणखी काय काय जीएसटीमुक्त करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाले, चांगलंच झालं. पण करमुक्त म्हणजे करशून्य नव्हे. विमा कंपनी कमिशनवर, कार्यालयाच्या भाड्यावर, संगणक सेवांवर जीएसटी भरतेच, आणि विक्रीवर करच नसल्यामुळे तो वजा करून घेता येत नाही. तो मूळ हप्त्यात शिरतो, पावतीवर न दिसता. कधीकधी क्रेडिटसह ५ टक्के हा दर ‘माफी’पेक्षा गिऱ्हाइकाला स्वस्त पडू शकतो. यादी वाढवण्याआधी त्या धंद्याचा कच्चा माल आणि सेवा किती कर भरून येतात ते विचारा.

इंधनाबद्दल तुमच्या पत्रात काही नाही, याचं आश्चर्य वाटलं. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर आहे, आणि केंद्र त्यावर जे उपकर लावतं त्यांचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. उपकर आणि अधिभार वाटपाच्या रकमेत धरलेच जात नाहीत. म्हणून केंद्राला उपकर सोयीचा आणि राज्याला व्हॅट सोडवत नाही. लिटरमागे लागणारं उत्पादन शुल्क स्कूटरवाल्याला आणि मोठ्या गाडीवाल्याला सारखंच. तेल कंपन्या दिल्लीच्या दराची फोड प्रसिद्ध करतात; ती एकदा बैठकीत वाचून दाखवा.

आता पत्ता. वित्त विधेयक हे धनविधेयक म्हणून येतं. राज्यसभा चौदा दिवसांत फक्त शिफारशी करू शकते. म्हणून आयकराचं निवेदन लोकसभेच्या खासदारांकडेच द्या, आणि ते अर्थविषयक स्थायी समितीवर आहेत का ते आधी बघा. जीएसटीची मागणी मात्र खासदारांकडे नेऊन उपयोग नाही. तो निर्णय जीएसटी परिषदेत होतो, जिथे केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागतात. तिथे तुमचा माणूस म्हणजे परिषदेवर आपल्या राज्याचं प्रतिनिधित्व करणारा मंत्री. म्हणून दोन वेगळी पत्रं, एकेका पानाची. अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला असतो. नोव्हेंबर संपेपर्यंत पत्र पोचलं तर वाचलं जाण्याची शक्यता असते, जानेवारीत आकडे बांधून झालेले असतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या जागी २०२५चा आयकर कायदा लागू असल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने ८७ए (बारा लाखांपर्यंतची सवलत), ८०सी लोकांना कळावेत म्हणून लिहा, पण शेजारी नवा क्रमांक तपासून घाला. उशीर झालाच तर विधेयक मांडल्यावरही दार बंद होत नाही. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात घर-जमिनीच्या नफ्यावरची महागाईची जुळवणी काढून टाकली होती. इतकी ओरड झाली, आणि लोकांनी आपापल्या घराच्या खरेदी-विक्रीचे हिशेब इतक्या नेमकेपणाने मांडले, की पुढच्याच महिन्यात दुरुस्ती आली : २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या मालमत्तेला जुन्या पद्धतीने २० टक्के किंवा नव्या पद्धतीने १२.५ टक्के, जे कमी ते.

राहिले तुमचे ज्येष्ठ सभासद. त्यांना ‘कल्पना चुकीची आहे’ असं सांगू नका, त्याने फक्त बाजू ठरतात. शर्टाचा तक्ता रिकामा करून त्यांच्या हातात द्या आणि त्यांना माहीत असलेल्या एखाद्या धंद्याचे आकडे त्यांनाच भरायला सांगा. मग विचारा, आत्ताच्या करपद्धतीत तुम्हाला सगळ्यांत जास्त मनस्ताप कशाचा झाला? उत्तर बहुधा अडकलेला परतावा, समजत नसलेली नोटीस किंवा दर वर्षी बदलणारा फॉर्म असं असेल. दोन टक्क्यांच्या मागे उभी असलेली खरी तक्रार तीच. ती त्यांच्याच शब्दांत, तारखा आणि रकमांसह, तिसऱ्या मागणीखाली लिहा आणि बैठकीत ती त्यांनाच मांडू द्या. एवढं करूनही बहुमताने दोन टक्के मसुद्यात राहिलेच, तर मंडळाची सचिव म्हणून सही करायला हरकत नाही. सोबत शर्टाचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडा.